‘भाडे संरक्षण’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

तिकीट काढल्यावर भाडे उतरले तर फरक परत करू, असे सांगत एका बुकिंग ॲपने माणशी २४९ रुपये जादा घेऊन विकलेले ‘भाडे संरक्षण’ मी पुणे–नागपूर विमानप्रवासासाठी गेले काही महिने वापरत आहे. पावसाळ्यात एकदा थोडाफार फरक विनातक्रार मिळाला होता, त्यामुळे माझे मत अनुकूल होते. दिवाळीच्या तिकिटांनी ते पालटले.

आम्हा दोघांची जाण्याची तिकिटे माणशी ६,८४० रुपयांना काढली आणि आठवड्याभरात त्याच विमानाचे भाडे ५,३९० वर आले. त्याबद्दल कंपनीशी भांडण नाही. एकाच इकॉनॉमी वर्गातील आसने वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेली असतात, आणि विक्री मंदावली की बंद झालेला स्वस्त गट पुन्हा उघडला जातो. तिकीट रद्द करून नवे काढावे, तर रद्द करण्याचे शुल्क फरकाच्या दुपटीहून अधिक होते. संरक्षण घेतले होते ते याचसाठी.

दावा केल्यावर पहिले उत्तर आले की स्वस्त भाडे सामानाविना असावे. त्याच पडद्यावर १५ किलो सामानाची नोंद स्पष्ट दिसत होती. तिचे छायाचित्र पाठवल्यावर दावा मान्य झाला, मात्र माणशी कमाल ५०० रुपये आणि तेही कूपनच्या रूपात. हे कूपन पुढच्या तिकिटाच्या मूळ भाड्यावरच चालते, ऑनलाइन बुकिंगसाठी वेगळ्या लागणाऱ्या सुविधा शुल्कावर नाही. म्हणजे १,००० रुपयांचे कूपन वटवण्यासाठी दोघांचे ७९८ रुपये सुविधा शुल्क रोख भरायचे, आणि संरक्षणाचे ४९८ आधीच गेलेले. सुविधा शुल्क विमान कंपन्याही घेतात, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या पैशांवर आपला हक्क आहे ते मिळवण्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागावेत, हे मला आजही पटलेले नाही.

या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने नियम वाचले आणि भाड्याच्या सूचनांविषयीचे माझे मत मात्र बदलले. तिकीट काढून झाल्यावर गुगल फ्लाइट्स या विमानभाडे शोधण्याच्या सेवेची, भाडे बदलल्याचे कळवणारी सूचना चालू ठेवणे म्हणजे विकतचा मनस्ताप, असे मी मानत असे. परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत तेव्हा अशी सवलत होती, की उड्डाणाला किमान ७ दिवस असताना थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले तिकीट पहिल्या २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येत असे. म्हणून परतीची तिकिटे थेट विमान कंपनीकडून काढली आणि सूचना चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाडे माणशी ७५० रुपयांनी उतरलेले दिसताच जुनी तिकिटे रद्द करून नवी काढली. भाडे पूर्ण परत आले. सुविधा शुल्क तेवढे बुडाले, आणि नव्या तिकिटांवर ते पुन्हा लागले.

ती मुदत उलटली की सूचना बंद करावी, हे उत्तम. त्यानंतरचे आकडे केवळ जळफळाट वाढवतात. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या बेरजेपेक्षा अधिक नसावे, असा नियम असला तरी ती बेरीज म्हणजे तिकिटाचा मोठा भाग. कर आणि विमानतळ वापर शुल्क मात्र परतावा न देणाऱ्या तिकिटावरही परत मागता येते, ते अवश्य मागावे.

संरक्षणाला पाचपैकी एक तारा. कूपनची मुदत महिनाअखेर संपते आहे, आणि तोवर आम्हाला कुठेही जायचे नाही.