बोटीचा ट्रेलर ओढायला हायलक्स की व्ही-क्रॉस?
गोव्यातल्या शापोऱ्याच्या एका मित्राचं घोडं या दोन पिकअप गाड्यांपाशीच अडलंय, म्हणून लिहितो.

ताकद: टोयोटा हायलक्सचं डिझेल इंजिन 2.8 लिटरचं, टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा जोर) ऑटोमॅटिकला 500 न्यूटन-मीटर, मॅन्युअलला 420. इसुझू व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं, टॉर्क 360. पणजीपर्यंत फरक कळणारही नाही. बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट लागला की कळतो. उतरताना मात्र सगळा खेळ ब्रेकचा. जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, पुढे गाडी कुठलीही असो. शिवाय बोटीसकट ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकवर यायला हवा. बोट मागे सरकवून बांधली की ट्रेलर डुलायला लागतो, आणि तो डुलला की इंजिनाची ताकद काही कामाची नाही.

धक्क्याचा उतार: बोट पाण्यात सोडताना-काढताना तिथल्या शेवाळावर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंजला (हळू वेगात जास्त जोर देणारे गिअर) पर्याय नाही. व्ही-क्रॉस फोर बाय टूमध्येही (दोनच चाकांना ताकद) विकली गेली आहे, तेव्हा घेताना बघून घ्या.

खारं पाणी दोघींना सारखंच खातं.

किंमत: व्ही-क्रॉस बरीच स्वस्त.

पावसाळ्याआधी बोट वर काढायची आणि नंतर परत पाण्यात सोडायची, एवढंच काम असेल तर फोर बाय फोर व्ही-क्रॉस पुरे. ट्रेलर घेऊन वरचेवर बेळगाव गाठायचं असेल तर हायलक्स, तीही ऑटोमॅटिक.