मोडेमचा वेग वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने इंटरनेट जोडून घेण्याचे दिवस होते, तेव्हाची ही फसवणूक; आणि तीत मोठा वाटा माझ्या हावरेपणाचाही होता, हे आधीच सांगतो. जोडणी करून द्यायला आलेल्या गृहस्थांनी क्रमांक, नाव, पासवर्ड सारे व्यवस्थित भरले, मोडेम नेहमीसारखा किंचाळला आणि पडद्यावर ४४,००० बिट प्रतिसेकंद असा वेग उमटला. "वेगळे पैसे दिलेत तर याच लाइनवर अडीचपट वेग काढून देतो," असे ते म्हणाले आणि मी काहीही न विचारता पैसे काढून दिले.

पाच मिनिटे त्यांनी सेटिंगमध्ये खुडबुड केली. पुन्हा डायल केल्यावर आकडा आला १,१५,२००! खात्रीसाठी त्यांनी थोड्याच वेळापूर्वी पाहिलेले पान पुन्हा उघडले आणि ते क्षणात समोर आले. त्या वेळी मोडेमवरचा, माहिती येताना लुकलुकणारा 'आरडी'चा दिवा मुळीच पेटला नव्हता. तो विझलेला दिवा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, कारण पान तारेवरून आलेच नव्हते, ते संगणकाच्या साठ्यातून आले होते.

दोन दिवसांनी एक मेगाबाइटची झिप फाइल घड्याळ लावून उतरवली. १,१५,२०० च्या वेगाने तिला सव्वा मिनिट पुरायला हवे होते. लागली साडेतीन मिनिटे, म्हणजे पूर्वीइतकीच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या व्ही.९० मानकानुसार येणाऱ्या माहितीचा वेग फार तर ५६,००० आणि जाणाऱ्या माहितीचा ३३,६०० असतो, हे मी आधी वाचले असते तर तो आकडा पाहूनच शंका आली असती. १,१५,२०० हा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या सिरियल केबलचा वेग. टेलिफोनच्या तारेशी त्याचा काही संबंध नाही. मोडेमच्या प्रगत गुणधर्मांत जास्तीच्या आज्ञांसाठी जी चौकट असते, तिच्यात त्यांनी 'डब्ल्यू०' एवढी दोन अक्षरे टाकली होती आणि त्यामुळे माझ्या मोडेमने तारेचा वेग सांगण्याऐवजी केबलचा वेग सांगायला सुरुवात केली होती. मी ती अक्षरे खोडली, तसा आकडा पुन्हा ४४,००० वर आला.

जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "आकडा दिसत होता ना?" पैसे परत मिळाले नाहीत.

कोणी असा वेग विकायला आले, तर आधीच आवळलेली, म्हणजे झिप केलेली फाइल उतरवून दाखवायला सांगावे, कारण साधा मजकूर मोडेम स्वतःच आवळून पाठवतो आणि वेग खोटाच जास्त भासतो. माझ्या लाइनचे खरे दुखणे दुसऱ्या खोलीतल्या समांतर फोनच्या सैल जोडणीत होते. तो फोन काढून ठेवला आणि त्या संध्याकाळी जुळणी ४८,००० वर झाली.