पाच कप्प्यांची शब्दपेटी: सहा महिने वापरल्यावर

शब्दपेटी म्हणजे शब्दांची उजळणी करायची पेटी: कार्डाच्या पुढे शब्द, मागे अर्थ. वर्ग तिसरी-चौथीचा, वेळ रोज दहा मिनिटं. शेवटचं आधीच सांगायचं तर शिकवलेला शब्द टिकवायला पेटी झकास आहे. नवा शब्द मात्र आधी गोष्टीत, बोलण्यात भेटलेला असावा लागतो.

मूळ कल्पना जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांची, 1972 सालची. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज विचारायचा, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने, असं वेळापत्रक बसलं. दिवसाला पाच नवे शब्द घातले की पहिला कप्पा फुगतो आणि मुलं कंटाळतात. आठवड्याला आठ झेपतात.

खरी मेहनत कार्ड लिहिण्यात आहे. नुसतं ‘कानोसा’ लिहिलं की मुलं ‘कानोसा केला’ म्हणतात. अर्थ कळलेला असतो, पण मराठी बिघडतं. म्हणून अख्खं लिहावं: कानोसा घेणे, हुज्जत घालणे. ‘धीर’ला तर तीन कार्डं लागतात – देणे, धरणे, सुटणे – आणि तीही आठवड्या-आठवड्याच्या अंतराने. कार्डाच्या मागच्या बाजूला ‘खजील म्हणजे ओशाळलेला’ लिहिणं म्हणजे एका कोड्याला दुसरं कोडं. ‘चूक सगळ्यांसमोर उघडी पडल्यावर मान खाली गेलेला’ हे मुलांना कळतं.

आयात आणि निर्यात एकाच दिवशी दिले की अदलाबदल ठरलेली. आयात तिसऱ्या कप्प्यात पोचल्यावरच निर्यात काढावा.

‘वाक्यात उपयोग करा’ फसवं आहे. ‘तो दचकला’ हे वाक्य बरोबरच, पण तिथे ‘हसला’ही बसतं. कारण जोडायला लावावं: ‘मागून कोणी खांद्यावर हात ठेवला म्हणून तो दचकला.’ त्याशिवाय कार्ड पुढे सरकवू नये. वेळ वाढतो, पण इथे घाई नको.

सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं की चार जण बोलतात, बाकीचे ओठ हलवतात. जोड्या बऱ्या. फक्त विचारणारा मित्र ‘का... का...’ करत पहिलं अक्षर पुरवतो; असं झालं तर कार्ड जागेवरच राहतं.

आणि कार्डं मळतात. दुमडलेल्या कोपऱ्यावरून मुलं उत्तर ओळखतात, शब्द वाचतही नाहीत. महिन्या-दीड महिन्याने कार्डं नव्याने लिहावीत, शक्यतो वेगळ्या हस्ताक्षरात.