‘पहिली चाल तुमची’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

काड्यांच्या खेळात माझे ७,३०० रुपये गेले. खेळाचं नाव निम. १, ३, ५ आणि ७ काड्यांच्या चार रांगा. एका वेळी एकाच रांगेतून हव्या तेवढ्या उचलायच्या. शेवटची काडी उचलेल तो जिंकला. पत्ते नाहीत, फासे नाहीत, सगळं डोळ्यांसमोर. म्हणूनच मी बसलो, आणि माझ्या जागी कुणीही बसलं असतं.

असा खेळ मांडून पैजा लावून घेणाऱ्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. आधी २०० रुपये जिंकू दिले. मग पैज ५००, १,०००, २,००० आणि शेवटी ४,०००. जवळपास दरवेळी गोड आवाजात तेच, ‘तुम्ही नवीन आहात, पहिली चाल तुमची.’

ही सवलत नव्हे, हाच सापळा. समोरचा न चुकता खेळला, तर १-३-५-७ मध्ये पहिली चाल करणारा हरलेलाच असतो. प्रत्येक आकडा ४, २, १ मध्ये फोडून बघा: ३ म्हणजे २ आणि १, ५ म्हणजे ४ आणि १, ७ म्हणजे ४, २ आणि १. चार दोनदा, दोन दोनदा, एक चारदा. सगळ्यांच्या जोड्या जुळलेल्या. तुम्ही काहीही उचला, जोडी मोडणार आणि समोरचा ती पुन्हा जुळवणार. मी ७ ची अख्खी रांग उचलली, त्याने ५ मधल्या तीन. उरलं १-३-२. मी एकटी काडी उचलली, त्याने ३ मधली एक. उरलं २-२. तिथून त्याला फक्त माझी नक्कल करायची होती.

संशय यायला हवा होता तो क्षण मला अजून झोपू देत नाही. मी म्हटलं, ‘आता तुम्ही सुरुवात करा.’ त्याने हो म्हणता म्हणता रांगा मोडल्या, ‘जरा वेगळं मांडू’ म्हणत ३-४-५ लावल्या आणि क्षणाचाही विचार न करता ३ मधल्या दोन उचलल्या. जोडी नसलेला २ तेवढाच होता! १-३-५-७ वर तो एकदाही पहिला खेळला नाही. पण पैसे लावलेले असताना, समोरचा सतत बोलत असताना, हे कुणाच्या लक्षात येतं?

पैज लावण्याआधी त्याच मांडणीवर त्यालाच सुरुवात करायला लावा. टाळाटाळ केली की उठा.

तक्रार घ्यायला मात्र कुणी तयार नाही. साहेब विचारतात, ‘काड्या लपवल्या का? नियम दोघांना सारखेच ना?’ मी कागदावर सगळं मांडून दाखवलं. चार्ल्स बाउटन या गणितज्ञाने १९०१ सालीच हे सिद्ध करून छापलंय, हेही सांगितलं. कागद न बघताच परत केला. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्यावर. शेवटी वर मलाच दम, ‘पैज लावली म्हणजे तुमच्यावरही कारवाई होऊ शकते.’ निकाल आधीच ठरलेल्या डावावर नवख्याचे पैसे लावून घेणं ही फसवणूक नाही, तर दुसरं काय आहे? चोराला मोकळं सोडायचं आणि लुबाडल्या गेलेल्याला धमकवायचं!

मांडणी बदलली म्हणून हुरळू नका. १-२-३ घ्या, दोन सारख्या रांगा घ्या, तिथेही पहिला हरतोच. आणि सहज जिंकलेल्या पहिल्या डावानंतर रक्कम वाढवायचीच नाही.

तुमचेही पैसे असेच गेले असतील तर मांडणी, पहिली चाल कुणाची आणि रक्कम, तिन्ही लिहून ठेवा. माझी लेखी तक्रार तयार आहे. आणखी दोन-चार जण सोबत आले, तर ती नोंदवून घ्यावीच लागेल.