शिकवणी उत्तम, मारामारीकडे काणाडोळा: सोलापुरातील एका फुटबॉल वर्गाचा वर्षभराचा अनुभव

माझा तेरा वर्षांचा मुलगा गेल्या जूनपासून शहरातील एका फुटबॉल वर्गाला जातो. वर्गाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार ज्या गोष्टीबद्दल आहे ती याच एका वर्गापुरती आहे असे मला वाटत नाही, आणि मुलाचे नाव अजून तेथे दाखल आहे. आठवड्यातून चार दिवस, दीड तास सराव आणि महिना 1,200 रुपये शुल्क असा व्यवहार आहे. जर्सी, स्टड आणि शिनगार्ड आपले आपण घ्यायचे. मैदान मुरमाचे आहे, गवताचा पत्ता नाही. पावसाळ्यात कडेची काळी माती बुटांना अशी चिकटते की घरी आल्यावर अर्धा तास चमच्याने खरवडावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे सराव पहाटे सहाला सुरू होतो, आणि वर्गाची ही शिस्त मला आवडली.

शिकवण्याबद्दल काहीच तक्रार नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाच्या पायाशी स्वतंत्र चेंडू असतो. एका चेंडूमागे वीस पोरे धावत आहेत हे शहरातील नेहमीचे दृश्य येथे दिसत नाही. माझ्या मुलाचा डावा पाय केवळ उभे राहण्यापुरताच उपयोगी होता, तो आता त्या पायाने पंधरा-वीस पावलांवरच्या जोडीदाराला सरळ पास देतो. सर स्वतः मुलांबरोबर धावतात, नावानिशी चुका सांगतात, आणि पालकांपुढे मुलाची खोटी स्तुती करत नाहीत.

अडचण त्यांच्या एका ठाम समजुतीची आहे. सरावात मुलांची भांडणे झाली, प्रसंगी हाणामारी झाली, तर संघ तयार होतो असे ते मानतात आणि उघडपणे बोलूनही दाखवतात. वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुले आहेत. खेळताना ती एकमेकांशी मराठीत बोलतात, शिव्या मात्र तिन्ही भाषांत देतात, आणि सर त्याकडे हसून पाहतात. तेवढ्याने माझे काही बिघडत नव्हते. मीही मैदानावरच वाढलो आहे.

ऑगस्टमध्ये, शालेय स्पर्धेला महिना उरला असताना, सरावाच्या सामन्यात एक कॉर्नर किक, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू, गोलसमोर आली. गोलकीपर पुढे धावला, पण ‘माझा’ असे ओरडला नाही. मधला बचावपटूही त्याच चेंडूवर गेला, दोघे आदळले आणि चेंडू तिसऱ्याच मुलाच्या पायाला लागून जाळ्यात गेला. ‘का बे, तोंड नाही का तुला?’ असे बचावपटू म्हणाला. कीपरने त्याला ढकलले, त्याने कीपरच्या तोंडावर ठोसा मारला, आणि हातमोज्याच्या पांढऱ्या पट्टीवर रक्ताचे डाग पडले. मी कट्ट्यावर बसलो होतो. सर शिट्टी तोंडात धरून, हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि ती शिट्टी बराच वेळ वाजली नाही. नंतर त्यांनी दोघांना हात मिळवायला लावले आणि खेळ पुन्हा सुरू केला. ओठाला लावायला बर्फ नव्हता. तो समोरच्या उसाच्या रसवंतीतून आणावा लागला, ही या वर्गाची दुसरी उणीव.

खरे नुकसान पुढच्या तीन आठवड्यांत दिसले, आणि ते रक्तासारखे डोळ्यांत भरणारे नव्हते. त्या बचावपटूने कीपरकडे चेंडू मागे देणे बंद केले. समोरून दोघे अंगावर आले, मागे कीपर एकटा मोकळा उभा असला, तरी हा पठ्ठ्या चेंडू लाथाडून रेषेबाहेर घालवायचा. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हाताने पकडता येत नाही, हा नियम 1992 पासून आहे. त्यामुळे असा पास देताना देणाऱ्याचा घेणाऱ्याच्या पायांवर भरवसा लागतो आणि घेणाऱ्याने आधीच आवाज द्यावा लागतो. येथे भरवसा संपला होता आणि आवाजही बंद झाला होता. स्पर्धेच्या दुसऱ्या सामन्यात त्याने असाच विनाकारण बाहेर घालवलेल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्यांना थ्रो-इन मिळाला, त्यातून गोल झाला, आणि आमची मुले 1-0 ने हरली. एका पराभवाचे सगळे खापर एका ठोशावर फोडणे योग्य नाही हे मला मान्य आहे, पण तो चेंडू बाहेर का गेला हे मैदानावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते.

मी सरांशी बोललो, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, सरावात भांडली नाहीत तर मॅचमध्ये काय लढणार?” आणि त्यांनी इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबचे उदाहरण दिले. ते खरेच आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये पोर्तुगालमधील सराव शिबिरात क्रेग बेलामीने सहकारी जॉन आर्ने रीसा याला गोल्फच्या काठीने मारले. त्यानंतर काही दिवसांतच लिव्हरपूलने स्पेनच्या बार्सिलोना क्लबला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवले आणि दोन्ही गोल याच दोघांनी केले. त्या मोसमात संघ चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंतही गेला. मात्र यावरून काठीमुळे गोल झाले असे म्हणणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडण्यासारखे आहे. त्याच उन्हाळ्यात बेलामी लिव्हरपूल सोडून वेस्ट हॅमला गेला, हा भाग सरांच्या गोष्टीत नसतो.

माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच उदाहरण येते. एप्रिल 2005 मध्ये इंग्लंडमधल्याच न्यूकॅसल क्लबचे ली बोयर आणि किरॉन डायर हे एकाच संघाचे दोन खेळाडू भर सामन्यात पास देण्याघेण्यावरून एकमेकांवर तुटून पडले. दोघांनाही लाल कार्ड मिळाले. त्यांचा एक खेळाडू आधीच बाहेर गेला होता, त्यामुळे संघ आठ जणांवर आला आणि ॲस्टन व्हिलाविरुद्धचा तो घरचा सामना 3-0 ने गेला. मँचेस्टर सिटीच्या जोई बार्टनने मे 2007 मध्ये सरावातच सहकारी उस्मान डाबोला मारले. तो पुन्हा त्या क्लबकडून खेळला नाही आणि प्रकरण न्यायालयात जाऊन 2008 मध्ये त्याला चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. सरावात चालते ते सामन्यात चालत नाही, हेही मुलांना कोणी सांगितलेले नव्हते. सहकाऱ्याला मारले तरी ते नियमाप्रमाणे हिंसक वर्तनच ठरते आणि लाल कार्ड मिळते; चेंडू खेळात असताना आपल्याच पेनल्टी क्षेत्रात आपल्याच खेळाडूला मारले, तर प्रतिस्पर्ध्यांना थेट पेनल्टी मिळते. मी हे सांगितले तेव्हा मुलाच्या दोन मित्रांनी माझ्याशी पैज लावली. पैजेची शेंगाचटणी अजून यायची आहे.

मुलांनी एकमेकांना काहीच बोलू नये, अशी माझी अपेक्षा नाही. वर्गातील लहान मुलांच्या गटात एक वेगळाच प्रश्न आहे. तेथे कोणी कोणाची चूक दाखवतच नाही, आणि तीच चूक आठवडाभर सुखाने चालू राहते. ‘आवाज दे’, ‘मागे ये’, ‘तुझा माणूस मोकळा आहे’ हे चढ्या स्वरात आणि जरा रागानेही म्हटले गेले पाहिजे, कारण त्या क्षणी गोड बोलायला वेळ नसतो. असे बोलणे चेंडूबद्दल असते आणि पुढच्या चेंडूला ते विसरले जाते. हात उगारला की विषय माणसाचा होतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला तो घरी, शाळेत, रिक्षात सगळीकडे बरोबर न्यावा लागतो. त्या दिवशी सरांनी खेळ थांबवून, कॉर्नरच्या वेळी कोणी कोणता आवाज द्यायचा हे पाच मिनिटे घोटून घेतले असते, तर दोघांच्या भांडणातून संघाला निदान काही मिळाले असते. नुसते हात मिळवून मूळ चूक जागच्या जागी राहिली.

दिवाळीनंतर थोडा बदल झाला आहे, आणि तो नोंदवणे न्याय्य ठरेल. आता धक्काबुक्की झाली की दोन्ही मुले त्या दिवसापुरती बाहेर बसतात, आणि निघण्यापूर्वी दोघांनी मिळून कोन व बिब (संघ ओळखू यावा म्हणून अंगात घालायची रंगीत बंडी) गोळा करायचे असतात. सरांचे मत बदललेले नाही. पालकांची कटकट नको म्हणून हे करतो, असे ते स्पष्ट सांगतात. बचावपटू आणि कीपर यांच्यात पास पुन्हा सुरू झाला आहे, पण बर्फाची पेटी अजूनही आलेली नाही.

पायाचे कौशल्य हवे असेल तर मी हा वर्ग सुचवेन, आणि पाचपैकी साडेतीन गुण देईन. प्रवेश घेण्यापूर्वी एक पूर्ण सराव कट्ट्यावर बसून पाहावा आणि शेवटच्या वीस मिनिटांचा सामना चुकवू नये. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला की संध्याकाळची हजेरी निम्म्यावर येते, मात्र शुल्क पूर्ण महिन्याचेच घेतले जाते. त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे.