‘शून्य तास’ चाललेल्या चार हार्ड डिस्क आणि गेलेले ६९,०८० रुपये

चार हार्ड डिस्क, प्रत्येकी ८ टीबी, नव्या म्हणून घेतलेल्या. दर १६,५००, म्हणजे ६६,००० रुपये. बदलून मिळाव्यात म्हणून परत पाठवताना कुरिअरला ६८०. विक्रेत्याने ‘तपासणी शुल्क’ म्हणून आधीच उकळलेले २,४००. एकूण ६९,०८०. आणि बदल्यात मिळालं काय? दुसऱ्या कुणाच्या यंत्रात अडीच ते साडेतीन वर्षं रात्रंदिवस फिरून झालेल्या, मीटर शून्यावर आणून विकलेल्या जुन्या डिस्क. पैसे कॉलेजचे होते, सही माझी होती. लिहायला लाज वाटते. पण त्याच भावात हाच माल अजून विकला जातोय, म्हणून लिहितोय.

आमच्या लॅबमध्ये ६० पीसी आहेत आणि सगळ्यांवर फॉग या सॉफ्टवेअरमधून इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्या डिस्कची तयार प्रत, मारली जाते. इमेज ठेवायला याच चार डिस्कचा वेगळा स्टोरेज नोड, म्हणजे सर्व्हर, डेबियन लिनक्सवर, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो अशा जोडणीत. विंडोज ११ आणि अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर मिळून कॉम्प्रेस केलेली इमेज ४२ जीबी. गिगाबिट नेटवर्कवर एका मशीनवर ती सहा-सात मिनिटांत उतरते. जून ते सप्टेंबर तशीच उतरत होती. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिकलच्या आधी सगळी लॅब नव्याने भरायला घेतली आणि इमेज उतरवणाऱ्या पार्टक्लोनचा वेग मिनिटाला ७ जीबीवरून घसरत घसरत ०.४ वर आला. मग क्लायंटच्या, म्हणजे इमेज उतरवून घेणाऱ्या पीसीच्या, पडद्यावर ओळ उमटली: एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग. एनएफएस म्हणजे सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवरून वाटणारी सेवा.

ही ओळ भल्याभल्यांना चुकीच्या वाटेला लावते. सर्व्हर उत्तर देत नाही म्हटलं की हात आधी केबलकडे जातो. माझेही गेले आणि त्यात तीन दिवस वाया गेले. स्विचचे पोर्ट बदलले. मल्टिकास्टच्या (एकच डेटा अनेक मशीनना एकदम पाठवण्याच्या) संशयावरून स्विचमधली आयजीएमपी स्नूपिंग ही सेटिंग बंद करून पाहिली. कुठला फोल्डर कसा वाटायचा हे ठरवणारी एक्सपोर्ट्स फाइल तपासली: इमेजेस फोल्डर फक्त वाचण्यासाठी, त्यातला डेव्ह फोल्डर लिहिण्यासाठी, दोन्हींना नो रूट स्क्वॅश (क्लायंटच्या रूटला पूर्ण अधिकार) आणि वेगवेगळे एफएसआयडी (ओळख क्रमांक), सगळं जागेवर. दोन्ही फोल्डरांत एमएनटीचेक नावाची रिकामी डॉट फाइल लागते, ती नसेल तर फोल्डर जोडलाच गेला नाही असं धरून फॉग थांबतं. तीही होती. कॅप्चर (मशीनवरून इमेज उचलून घेणं) पूर्ण होऊनही इमेज डेव्हमध्ये मशीनच्या मॅक पत्त्याच्या नावाने अडकून राहिली असती, तर फॉगसेटिंग्ज फाइलमधला पासवर्ड आणि स्टोरेज मॅनेजमेंटमधला पासवर्ड जुळत नाही आणि इमेज जागेवर हलवणारं शेवटचं एफटीपी फसतंय असं धरता आलं असतं. तसंही नव्हतं.

मग सगळ्यात वाईट गोष्ट केली. एनएफएसचे थ्रेड (एका वेळी विनंत्या हाताळणारे हात) ८ वरून ३२ केले आणि नोडवरची एका वेळच्या क्लायंटची मर्यादा, जी मुळात १० असते, ती २० वर नेली. दहा मशीन एकच इमेज वाचतात तेव्हाही दहा वेगवेगळ्या ठिकाणी वाचत असतात, डिस्कचं डोकं सारखं पळत असतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर मी दुप्पट ओझं टाकलं. तुम्ही हे करू नका. वेग पडला की मर्यादा आधी २ वर आणा, मग शोधाशोध करा.

जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते चौथ्या दिवशी केलं. आयपर्फ३ या साधनाने क्लायंट ते नोड नेटवर्कचा वेग मोजला: सेकंदाला ९४० मेगाबिट. म्हणजे नेटवर्क ठणठणीत. नंतर नोडवरच, मध्ये नेटवर्क न आणता, कॅशे रिकामा करून डीडी या कमांडने इमेजची फाइल वाचली: सेकंदाला ६ एमबी. शेजारच्या खिडकीत प्रत्येक डिस्कवरचा भार दाखवणारं आयओस्टॅट चालू होतं. तीन डिस्क निवांत, आणि तिसऱ्या खणातली १०० टक्के वापरात, एकेका रीडला चार-चार हजार मिलिसेकंद. कर्नलच्या लॉगमध्ये त्याच डिस्कच्या नावाने रीड चुकल्याच्या ओळींची रांग. एनएफएसचे थ्रेड तिची वाट पाहत अडकले होते, क्लायंटला वाटत होतं सर्व्हर गेला.

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, पेंडिंग (वाचता न येणारे) सेक्टर ३१२. सीआरसी, म्हणजे केबलवरून येता-जाता झालेल्या, चुकांचा आकडा मात्र शून्य, म्हणजे केबलचा दोष नाही. (स्मार्टमधला १९९ नंबरचा हा आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्कला बोल लावू नका.) आणि पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चाललेले तास, २,९०४, जूनपासूनचे दिवस मोजले तर बरोबर जुळणारे. चार महिन्यांच्या डिस्कवर ३१२ पेंडिंग? वाईट नशीब म्हणून सोडून देणार होतो. पण हात थांबला, आणि स्मार्ट वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडला फार्म लॉग मागितला.

सीगेटच्या डिस्क स्मार्टशिवाय फार्म नावाची आणखी एक नोंद आत ठेवतात. स्मार्टसीटीएल ज्यात येतं त्या स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते: स्मार्टसीटीएल, मग हायफन एल, मग फार्म, मग डिस्कचं नाव. आवृत्ती जुनी असेल तर हा पर्यायच मिळत नाही. मीटर मागे फिरवणारे स्मार्ट पुसतात, आमच्या डिस्कवर ही नोंद पुसायची राहिली होती. चौघींचे तास आले: २१,४०७. २४,७९०. २४,८१६. ३०,११२. शेवटचा आकडा म्हणजे तीन वर्षं पाच महिने अखंड. त्या पडद्यासमोर किती वेळ बसून होतो सांगता येणार नाही.

हे नवीन नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत अशाच वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. त्या चिया नावाच्या क्रिप्टो चलनाच्या खाणकामातून आल्याचा संशय होता. त्याच वर्षी मलेशियात क्वालालंपूरजवळ जुन्या डिस्कना नवं रूप देणाऱ्या कारखान्यावर छापा पडला. कंपनीचा माल कंपनीच्या नकळत मधल्या मधे फिरवला जातो. मी या बातम्या वाचल्या होत्या. वाचूनही फसलो, हे जास्त झोंबतं.

आता तो क्षण. माल आला त्या दिवशी टेबलावर मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं होतं. साटा जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक समांतर ओरखडे होते, सॉकेटमध्ये अनेकदा घालून काढल्यावर पडतात तसे. दोन डिस्कच्या स्क्रूच्या भोकांत आट्यांवरचा काळा लेप उडून धातू चमकत होता. एका लेबलचा कोपरा नखाने उचलता येत होता. पिशवी अँटिस्टॅटिक होती, पण चिकटपट्टीने बंद केलेली, आत ओलावा शोषणारी पुडी नाही. हे सगळं मी पाहिलं. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, आम्ही प्रत्येक डिस्क लावून टेस्ट करून देतो, म्हणून घासलंय.” आणि मी ते मानलं! नवी डिस्क दुकानात कोण चार वेळा घालून काढतं? दुकानदाराला स्क्रू लावायची गरज काय? त्याच मिनिटाला अनुक्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकला असता तर खेळ तिथेच संपला असता. ऑक्टोबरमध्ये टाकला तेव्हा दोन डिस्कची वॉरंटी आधीच संपलेली दिसली आणि दोन डिस्क मुळात कुठल्या तरी यंत्राचा भाग म्हणून विकल्या गेलेल्या, तक्रार मूळ विक्रेत्याकडे करा, असं उत्तर आलं. विक्रेता तर फोनवर “तीन वर्षं वॉरंटी” म्हणाला होता.

मी घाई का केली तेही सांगतो. मंजुरी ७५,००० ची होती. अधिकृत डीलरचं कोटेशन २३,४०० प्रमाणे ९३,६०० चं. वरचे १८,६०० मागायला गेलो तर पुढच्या सत्रात बघू म्हणाले, आणि जुन्या नोडवर जागा उरली नव्हती. या माणसाकडून याआधी दोनदा रॅम घेतली होती, काही तक्रार नव्हती. भाव कमी का विचारलं तर “जीएसटी बिल नको असेल तर” म्हणाला आणि हातात ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला. पैसे यूपीआयने गेले. पक्कं बिल घेतलं नाही ही माझी चूक, ती मी लेखी कबूल केली आहे. पण पक्कं बिल नाही म्हणून जुना माल नवा म्हणून विकायचा परवाना मिळतो का?

पुढचं नुकसान रुपयांत मोजता येत नाही. रेड ५ मध्ये एक डिस्क बाहेर पडली, नवी टाकून रीबिल्ड सुरू केलं. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचणं. ४१ टक्क्यांवर दुसरी डिस्क गेली. चारही एकाच जुन्या खाणीतल्या, एकाच वेळी थकलेल्या. १४ इमेजपैकी ९ बाहेरच्या डिस्कवर होत्या, ५ गेल्या. दुसरी डिस्क पडली की अ‍ॅरे जबरदस्तीने जोडायला जाऊ नका, आधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने प्रत काढा. मी उलट क्रमाने केलं.

डिस्क परत पाठवल्या, २,४०० भरले. आठ दिवसांनी त्याच चार डिस्क “ओके आहेत” अशा चिठ्ठीसह परत आल्या. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, “डिस्क मिळाल्या ना?” मिळाल्या. “चालू होत्या ना?” चार महिने. “मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.” फार्म लॉगची छापील पानं पुढे केली तर विचारलं, यावर कंपनीचा शिक्का कुठाय. पैसे यूपीआयने दिले हे कळल्यावर सायबरकडे पाठवलं. सायबरने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू मिळाली, हे आमचं नाही, तुमच्या ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेलो. आता प्राचार्यांचं अधिकारपत्र हवं. ते नेलं तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा नेलं तर म्हणाले, डिस्क मुद्देमाल म्हणून जमा करा. त्यांवर ज्या ५ इमेज वाचवायचा प्रयत्न चालू होता त्यांचं काय? उत्तर नाही. बँकेने तर एका ओळीत कळवलं, व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला आहे. ग्राहक म्हणून दाद मागायला गेलो तर वकिलांनी आधीच सावध केलं: संस्थेच्या नावाची खरेदी आहे, समोरचा ‘व्यावसायिक हेतू’ हा मुद्दा काढणार, त्यात कागद एस्टिमेटचा. सहा चकरा, सहा वेगवेगळी टेबलं. एकानेही फार्म लॉगची ती पानं शेवटपर्यंत वाचली नाहीत! नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, फसवणूक कलम ३१८ खाली येते, चौथं पोटकलम दखलपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मला त्यांना सांगावं लागत होतं, त्यांनी मला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी बोलत बसू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. स्वतःच्या वापरासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. १९३० सायबर फसवणुकीसाठी, आणि तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे अडवता येण्याची आशा. चार महिन्यांनी त्याचा उपयोग नाही.

आणि डिस्क घेताना पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा. लेबलवरचा अनुक्रमांक आणि स्मार्टसीटीएल दाखवतं तो एकच आहे का ते बघा. पैसे देण्याआधी तो क्रमांक मागा आणि वॉरंटी पानावर टाका, देत नसेल तर उठा. पक्क्या बिलावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या. फार्ममधले तास आणि स्मार्टमधले तास यांत दोन-चार तासांपेक्षा जास्त फरक असेल तर ती डिस्क रेडमध्ये घालूच नका. दोन्ही शून्य असले तरी निर्धास्त होऊ नका, फार्मही पुसलेल्या डिस्क निघाल्या आहेत. तेव्हा पट्ट्या आणि स्क्रूची भोकं डोळ्यांनीच पाहावी लागतात. दुसऱ्या कंपनीच्या डिस्कमध्ये फार्म नसतो, तिथेही तेच. मॉडेल क्रमांकावरून डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून पुन्हा लिहायला संथ) आहे का तेही शोधा. २०२० मध्ये नाससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) म्हणून विकलेल्या काही मालिकांत ती निघाली होती, आणि रीबिल्डला तिचा जीव जातो.

रेडमध्ये घालण्याआधी बॅडब्लॉक्स ही डिस्क तपासणारी कमांड लिहिण्याच्या पर्यायासह चालवा, त्यावर काही डेटा नसताना. ८ टीबीला ब्लॉक साइझ ४०९६ असा मोठा द्यावाच लागतो, नाहीतर ब्लॉकची संख्या मोठी आहे म्हणून ते सुरूच होत नाही. चार नमुने, प्रत्येक लिहून वाचणं, म्हणजे साधारण चार दिवस लागतात. तेवढा वेळ नसेल तर किमान स्मार्टची लांब चाचणी, ती अर्ध्या दिवसात होते. नंतर पेंडिंग आणि रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर दोन्ही शून्य हवेत. एरर रिकव्हरी कंट्रोलही बघा: स्मार्टसीटीएलमध्ये ७० आकडा दिसला पाहिजे, म्हणजे ७ सेकंद. तो बंद असेल तर डिस्क चुकलेला सेक्टर वाचायला हट्टाने बसते, कर्नल ३० सेकंदांनी कंटाळतो आणि चांगली डिस्कही अ‍ॅरेबाहेर फेकतो.

अधिकृत डीलरकडून ९३,६०० च्या डिस्क शेवटी घ्याव्या लागल्याच. या वेळी दोन घेतल्या एका लॉटच्या, दोन दुसऱ्या लॉटच्या, रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं) केलं, आणि इमेजची प्रत दर शुक्रवारी वेगळ्या मशीनवर जाते. जुन्या चार डिस्क अनुक्रमांक लिहिलेल्या पाकिटांत सील करून कपाटात आहेत, फार्म लॉगच्या छापील पानांसह. पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार गेली आहे. पोचपावती आली, पुढे काही नाही. विक्रेत्याची जाहिरात कालही दिसली: ८ टीबी, नवी, सीलपॅक, १६,५००.