वास डिझेलचा, बिल पंपाचं

केबिनमध्ये डिझेलचा वास येतो म्हणून गाडी दाखवायला नेली आणि बॉनेट उघडल्या उघडल्या मेकॅनिक 'पंप गेलाय' (म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल पाठवणारा पंप खराब झालाय) म्हणाला, तर चावी काढून घ्या आणि तिथून निघा. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात जुन्या पिकअपवर पोट असलेले आपल्यासारखे खूप आहेत आणि आपल्याला गंडवायची रीत ठरलेली आहे.

माझी बोलेरो पिकअप वय झालेली, जुन्या मेकॅनिकल पंपाची. वाशीच्या मार्केटमधून कांदा-बटाटा उचलायचा आणि कळवा, खारेगाव, विटाव्याच्या दुकानांना टाकायचा, हा धंदा. मध्यंतरी गाडीत वास यायला लागला. तो कधी यायचा हे नीट सांगतो, कारण निम्मं निदान तिथंच होतं. ठाणे-बेलापूर रोडला गाडी पळत असली की काही नाही. कळवा नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकली आणि ब्लोअर चालू असला की नाकात डिझेल. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. गाडीचा जोर (पिकअप) तसाच, अ‍ॅव्हरेज तसाच, धूर काळा नाही. फक्त वास.

रबाळ्याच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका गॅरेजात नेली. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. मालकानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "शेठ, पंपाचं काम आहे. थांबा, दाखवतोच तुम्हाला. तोवर पोरगा इंजिन पुसतोय, तुम्ही समोर चहा घेऊन या." चहा पिऊन आलो तर पंपावरच्या एका नटापाशी थेंब थेंब डिझेल पडतंय. पोराला रेस करायला लावली तशी पिचकारीच उडाली. माझा भाचा सोबत होता. त्याला जेवणाच्या ताटापासून सगळ्याचा व्हिडिओ काढायची सवय, त्यानं त्याचाही काढला. त्या सवयीवरून घरी त्याला सगळे बोलतात, मीसुद्धा. आता बोलत नाही.

मग भीती घालणं सुरू झालं. "हे गरम सायलेन्सरवर पडलं तर गाडी पेटेल शेठ. आणि पासिंग कधी आहे?" पासिंग खरंच जवळ आलं होतं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दर वर्षी करावा लागतो, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. डिझेल गळून गाडी पेटू शकते हेही खोटं नाही. म्हणून तर हा डाव लागू पडतो. धोका खरा असतो, फक्त दाखवलेली जागा खोटी असते.

पंप खोलून बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेल किती सुटावं ते जुळवणं, १४,००० रुपये, इंजिनात डिझेल फवारणारे चार नोझल ८,८००, मजुरी ३,५००. घासाघीस करून २५,००० वर आला. "रोख द्या, जीएसटी वाचेल," हेही झालंच. १५,००० यूपीआयनं दिले, बाकीचे रोख. कागद मिळाला त्यावर वर 'एस्टिमेट' छापलेलं. ना सही, ना शिक्का. गाडी हातात आली तेव्हा इंजिन धुऊन लखलखीत आणि पंप चांदीसारखा चकचकीत. वास गेलेला. इंजिन प्रेशरनं धुतलं की कोणताही वास चार दिवस जातोच, ही त्यातली गोम.

वास परत आला तेव्हा त्या गॅरेजवाल्यानं फोनवर "पंप नुकताच केलाय, सेट व्हायला वेळ लागतो" म्हणून वाटेला लावलं. मी गाडी कळव्याला एका जुन्या मेकॅनिककडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. हातात बॅटरी घेऊन ते बराच वेळ नुसते बघत होते, पान्याला हातही लावला नाही. मग पंपावर नख ओढलं. चांदीचा रंग सालीसारखा निघाला आणि खाली जुनी तेलकट मळी. "दादा, बेंचवर गेलेला पंप आधी धुतात. मळीवरून रंग मारत नाहीत." तोच चांदीचा रंग बाजूच्या वायरिंगच्या काळ्या नळीवर उडालेला होता, होज क्लिपवर होता, इंजिनच्या ब्लॉकवरही शिंतोडे होते. म्हणजे पंप जागेवरून हललाच नव्हता, जागच्या जागी स्प्रे मारला होता. गव्हर्नरच्या (पंपावरचा, इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) स्क्रूला तारेत ओवलेलं शिशाचं जुनं सील तसंच, त्यावरही रंग. कॅलिब्रेशन केलं की हे सील तोडावं लागतं आणि काम झाल्यावर नवीन लावतात.

पंपावरून नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट बघितले. सगळ्यांचे कोपरे जुनाट, गंजलेले. पान्याची ताजी चमक एकाच नटाला, आणि तो नट म्हणजे चहा पिऊन आल्यावर मला दाखवला तोच. अर्धा आटा ढिला केला होता, बस्स. बाकीचे नट खोललेच नव्हते, म्हणजे नोझलही बदललेले नव्हते.

भाच्याचा व्हिडिओ मामांनी मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिला. त्यात एक गोष्ट मला दिसली नव्हती, त्यांनी दाखवली. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. जिथं गळतं तिथं ओलं राहतं, धूळ धरतं आणि काळा चिखल होऊन बसतं. व्हिडिओत नटाखालचा भाग कोरडा ठणठणीत होता. बारीक धूळ, आणि तिच्यावर स्वच्छ डिझेलचा ताजा ओघळ. महिनोन्‌महिने गळणारी जागा अशी दिसत नाही. कोणी तुम्हाला गळती दाखवली तर डिझेलकडे कमी आणि त्याच्या भोवतालच्या मळीकडे जास्त बघा.

मग त्यांनी इंजिनची वरची बाजू साबणाच्या पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली, हवा मारून कोरडी केली आणि चक्क टाल्कम पावडर भुरभुरली. गाडी नुसती आयडलला ठेवली. पांढऱ्यावर थोड्या वेळानं दोन नोझलच्या मध्ये पेन्सिलीनं मारावी तशी एक काळपट रेघ उमटली. रिटर्न पाइप. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणारा, कापडाच्या वेष्टणाचा तो बारीक रबरी पाइप. वरून अखंड दिसत होता. मामांनी तो बोटांत धरून वाकवला तेव्हा चीर उघडली. इंजिनच्या उष्णतेनं रबर कडक होऊन तडकलेलं.

वास फक्त गाडी उभी असतानाच का, तेही कळलं. रिटर्नला दाब जेमतेम, त्यामुळे धार लागत नाही, नुसतं पाझरतं. गरम इंजिनवर त्याची वाफ होते. गाडी पळताना वारा ती खाली नेतो. उभी असली की बॉनेटच्या मागच्या जाळीतून ब्लोअर ती आत ओढतो. हीच चीर टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपला असती तर तिथं इंजिन ओढत असल्यामुळे डिझेल बाहेर कमी येतं, उलट हवा आत जाते. मग सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि हँड पंप दाबून हवा काढत बसावं लागतं. आणि पंपाचे एलिमेंट (आतले डिझेल दाबणारे भाग) किंवा नोझल खरंच गेले असते तर काळा धूर, मेलेला पिकअप, पडलेला अ‍ॅव्हरेज, यातलं काहीतरी दिसलंच असतं. पंपाचं सील किंवा पॅकिंग गळू शकतं, नाही असं नाही. पण त्याला किट, म्हणजे नव्या सीलचा संच, टाकतात, आणि तिथंही ती मळी दिसली पाहिजे.

पाइप, तांब्याचे नवीन वायसर आणि मजुरी धरून ४५० रुपये झाले. वायसरचं आवर्जून लिहितो. बॅन्जो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) खोलला की तांब्याचा वायसर नवाच टाकायचा. जुना दाबून बसलेला असतो, तो परत लावला की तिथूनच पाझरतं आणि पुन्हा वासाची तक्रार घेऊन आपण गॅरेजच्या दारात. पाइपही डिझेलचाच मागा. पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्तात लावून देतात, ती डिझेल आणि उष्णतेनं काही दिवसांत काचेसारखी कडक होते. एम-सील नाही, टेप नाही.

तुमच्या गाडीचा वास माझ्यासारखा नसेल तर जागा वेगळी शोधा. टाकी फुल केल्यावर किंवा वळणावर वास येत असेल तर झाकणाचं रबर, डिझेल भरायच्या नळीचा जोड आणि टाकीच्या डोक्यावरच्या फ्लोटचं (डिझेलची पातळी मोजणारा) पॅकिंग बघायला सांगा. डिझेल फिल्टर नुकताच बदलला असेल तर आधी त्याचं रबर आणि खालचा पाणी सोडायचा स्क्रू. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि डिझेलचा वास मारत असेल तर मात्र गाडी चालवू नका, डिझेल आत ऑइलमध्ये उतरतंय. अशा वेळी पंप-नोझलपर्यंत जाणं रास्त ठरतं. पेट्रोलचा वास असेल तर सेल्फच मारू नये. सीएनजीचा असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी ढकलत मोकळ्यावर न्यायची. तिथं पावडर-बिवडर शिंपडत बसायचं नाही.

गॅरेजात परत गेलो तेव्हा मालकाचं म्हणणं असं की पंप खराब होताच, पाइप नंतर फाटला. मी बेंचचा रिपोर्ट मागितला. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन जिथं होतं तिथं किती डिझेल सुटतं त्याची आकडेवारी कागदावर मिळते. "तो पंपवाल्याकडे राहिला." जुने नोझल मागितले तर कोपऱ्यातल्या ड्रममध्ये हात घालून चार काढून दिले. त्यातले दोन बाकीच्या दोघांपेक्षा बोटभर लांब होते. एकाच इंजिनात दोन लांबीचे नोझल! हसू आवरलं नाही, राग असूनही. मग त्यानं शेवटचं अस्त्र काढलं: "गाडी धंद्याची आहे, ग्राहक कोर्ट तुम्हाला दारात उभं करणार नाही."

हे धादांत खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतू वगळलाय खरा, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून सवलत दिली आहे. एकच गाडी, ती स्वतः चालवणारा माणूस, यासाठीच ती आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, फोन मराठीतही चालतो. जिल्हा ग्राहक आयोगात (म्हणजे ग्राहक कोर्टात) ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर त्यानं ६,००० परत करायची तयारी दाखवली, व्हिडिओ डिलीट करायच्या अटीवर. मी नाही म्हटलं. स्पीड पोस्टनं नोटीस गेली आहे, सोबत यूपीआयची पावती, 'एस्टिमेट'ची झेरॉक्स, नटाचे आणि रंग फासलेल्या सीलचे फोटो. उत्तर आलं नाही तर ठाणे जिल्हा आयोगात अर्ज तयार आहे. रोख दिलेल्या पैशांना पुरावा नाही, त्यामुळे मागणी १५,००० ची आणि वरच्या खर्चाची करावी की पूर्ण रकमेची, यावर वकिलांशी बोलणं चालू आहे. कोणाला अशा प्रकरणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.